भूकंपातून वाचलेल्या ज्येष्ठांना पक्षाघात झाल्यावर: घरच्या शुश्रूषेचे नियोजन

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छते झोपलेल्या माणसांवर कोसळली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत सरकारी नोंदीनुसार सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. त्या ढिगाऱ्याखाली काही तास काढून जी माणसे जिवंत बाहेर आली, ती तेव्हा तीस-चाळीस वर्षांची होती आणि आज साठी-सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांनी पुन्हा घरे उभी केली, शेती केली, मुलांची लग्ने लावली. आता त्यांच्यापैकी काहींना उच्च रक्तदाब, मधुमेह आणि वय यांमुळे पक्षाघाताचा झटका येतो आणि घरातल्यांना वाटते की हा केवळ मेंदूच्या रक्तवाहिनीचा आजार आहे.

तो तसा आहेच. पण अर्धे अंग हलत नाही, हाक मारायला शब्द फुटत नाही, कोणी येईपर्यंत एकाच जागी पडून राहावे लागते, ही पक्षाघाताची अवस्था आणि ढिगाऱ्याखालची अवस्था शरीराच्या आठवणीत एकमेकींच्या फार जवळ आहेत. म्हणूनच वर्षानुवर्षे शांत असलेली माणसे पक्षाघातानंतर बंद खोलीत झोपायला नकार देतात, खाटेचा कठडा वर केला की ओरडू लागतात किंवा पहाटे दारापर्यंत सरपटत जाण्याचा प्रयत्न करतात. याला हट्ट किंवा 'म्हातारचळ' म्हणणे अन्यायाचे आहे. या भीतीमागे अनुभव आहे आणि म्हणून तिला 'काही होत नाही, झोपा' या समजुतीने उत्तर मिळत नाही. तिला उत्तर मिळते ते प्रत्यक्ष व्यवस्थेने: दिसणाऱ्या दाराने, हाताशी असलेल्या घंटीने आणि हादरा बसलाच तर बाहेर कोण नेणार हे आधी ठरवून ठेवल्याने. अशी व्यवस्था कशी उभी करावी, हे पुढे क्रमाने मांडले आहे. पूर, दंगल, अपघात किंवा घरातील हिंसा सोसलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीतही यातील बराचसा भाग तपशील बदलून वापरता येईल.

पहिली पायरी: झटका आल्यानंतरचे काही तास

तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे किंवा निरर्थक होणे, एकाएकी दिसेनासे होणे किंवा तोल जाणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्ण शेवटचा व्यवस्थित कधी दिसला होता ती वेळ लिहून ठेवावी. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. मोठी रक्तवाहिनी बंद झालेल्या निवडक रुग्णांमध्ये गुठळी नळीवाटे काढण्याचा उपचार २४ तासांपर्यंतही शक्य असतो. गुठळीमुळे झालेला आणि रक्तस्रावामुळे झालेला पक्षाघात बाहेरून सारखाच दिसतो आणि त्यांतला फरक सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. म्हणून घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये, रक्तदाबाची जादा गोळी देऊ नये आणि पाणीसुद्धा पाजू नये. जिथे सीटी स्कॅनची सोय आहे अशाच रुग्णालयाचा आग्रह धरावा. गावात 'अंगावरून वारं गेलं' म्हणून आधी झाडपाला आणि मालिश करण्यात जे तास जातात ते परत मिळत नाहीत.

या टप्प्यावर मनाच्या जखमेसाठी उपचार थांबवू नयेत. एक गोष्ट मात्र करता येते. रुग्णाचा ओळखीचा एक माणूस रुग्णवाहिकेत त्यांच्या नजरेसमोर बसवावा आणि त्याने संथ आवाजात, पुन्हा पुन्हा तेच सांगत राहावे: 'तुम्हाला पक्षाघाताचा झटका आला आहे. भूकंप नाही. आपण दवाखान्यात चाललो आहोत. मी सोबत आहे.' माणसाला बोलता येत नसले तरी त्याला समजत नाही असे कधीही गृहीत धरू नये.

दुसरी पायरी: भूतकाळाची माहिती, पण खोदकाम न करता

काळजी आखण्यासाठी त्या पहाटेची पूर्ण कथा कळण्याची गरज नसते. ती कथा सांगायला लावणे घातकही ठरू शकते. आपत्तीतून वाचलेल्यांना एका बैठकीत सगळे बोलते करून मन मोकळे होते, ही समजूत मानसोपचाराच्या क्षेत्रात आता मान्य नाही आणि जागतिक आरोग्य संघटनाही तशा सक्तीच्या बैठकीची शिफारस करत नाही. आपल्याला हवे आहे ते आजच्या उपयोगाचे: कोणत्या गोष्टींनी त्यांना भीती वाटते, कशाने बरे वाटते, कोणाचा स्पर्श चालतो, कोणता विषय त्यांनी आजवर टाळला आहे.

रुग्णाला हो-नाही सांगता येत असेल तर त्यांनाच विचारावे. ते शक्य नसेल तर जोडीदार, भाऊ-बहीण, शेजारी किंवा जुन्या गावातला सोबती यांच्याकडे चौकशी करावी. तीसहून अधिक वर्षे घरातल्यांनी जे पाहिले त्यातच बहुतेक उत्तरे असतात. पावसाळ्यात आजी-आजोबा कुठे झोपतात, दाराला कडी लावतात का, वाहनाचा मोठा हादरा बसला की काय करतात, धुळीचा लोट आला की काय होते, हे सुनेला आणि नातवंडांना पुष्कळदा ठाऊक असते. मात्र त्याचे कारण त्यांनी कधी विचारलेले नसते.

ही माहिती एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहावी, रुग्णाच्याच तोंडी शब्दांत. उदाहरणार्थ: 'मी १९९३ च्या भूकंपात ढिगाऱ्याखाली अडकले होते. मला दार दिसेल अशी खाट द्या. माझे हात बांधू नका. मला हात लावण्याआधी समोर येऊन सांगा. तोंडावर कापड टाकू नका. रात्री लहान दिवा चालू ठेवा. मी घाबरले तर माझ्या धाकट्या मुलीला बोलवा. गेलेल्या माणसांबद्दल विचारू नका. मला वाटले तर मीच सांगेन.' हे पान रुग्णाला वाचून दाखवावे, त्यांची संमती घ्यावी, त्यांनी खूण करून नको म्हटलेले वाक्य खोडावे आणि मगच ते पान सिस्टर व डॉक्टरांना द्यावे. कोणाला काय सांगायचे याचा निर्णय शक्य तिथे त्यांचाच असावा. ते पान वॉर्डात सर्वांना दिसेल असे चिकटवू नये, केसपेपरला जोडावे.

तिसरी पायरी: वॉर्डातील दिवस

आपल्याकडे गर्दीच्या वॉर्डात रुग्णाने नळ्या ओढू नयेत म्हणून त्याचे हात पट्टीने खाटेला बांधण्याची पद्धत अजूनही दिसते. एक हात आधीच निकामी झालेला आणि दुसरा बांधलेला, अशा अवस्थेत ढिगाऱ्यातून आलेल्या माणसावर काय ओढवते याची कल्पना करावी आणि नातेवाइकांनी याला नम्रपणे पण ठाम विरोध करावा. त्याऐवजी आळीपाळीने कोणीतरी उशाशी बसावे, चांगल्या हातात धरायला मऊ कापड द्यावे, नळी शरीराला नीट चिकटवून नजरेआड करून घ्यावी आणि रोज विचारावे की ही नळी आज खरोखर आवश्यक आहे का. लघवीची नळी जितकी लवकर निघेल तितका जंतुसंसर्गाचा धोकाही कमी होतो, त्यामुळे हा प्रश्न वैद्यकीय दृष्ट्याही योग्यच आहे.

एमआरआयचे यंत्र अरुंद, बंद आणि खडखडाट करणारे असते. पहिल्या निर्णयासाठी बहुतेक वेळा सीटी स्कॅन पुरेसा असतो आणि तो थोड्या वेळात होतो, म्हणून एमआरआय सांगितल्यावर तो तातडीचा आहे का, हे विचारायला संकोच करू नये. आवश्यक असेल तर यंत्र आधी दाखवून आणावे, आत जाण्यापूर्वीच डोळ्यांवर हलका रुमाल चालेल का हे विचारावे, थांबवण्याची घंटी चांगल्या हातात द्यावी आणि परवानगी मिळाल्यास धातूच्या वस्तू काढून एका नातेवाइकाने पायांजवळ उभे राहावे.

खाटेची जागा ठरवताना एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. मेंदूच्या उजव्या भागात पक्षाघात झाला तर अनेकांना डाव्या बाजूचे भानच राहत नाही. जगाची ती अर्धी बाजू त्यांच्या लेखी नसतेच. अशा माणसाचे दार डावीकडे आले तर ते खोलीत असूनही त्यांना दिसत नाही. म्हणून बाहेर पडण्याची वाट भान असलेल्या बाजूला ठेवावी आणि व्यायामाच्या वेळी मात्र फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने दुर्लक्षित बाजूने बोलावे. याच स्थितीत काही रुग्णांना स्वतःचा लुळा हात दुसऱ्याच कोणाचा तरी वाटतो. ज्यांनी मेलेल्या माणसांच्या शेजारी तास काढले आहेत, त्यांना अंथरुणात पडलेला हा गार, जड हात काय वाटत असेल हे वेगळे सांगायला नको. त्यांना हसू नये आणि वादही घालू नये. तो हात हळूच त्यांच्या नजरेसमोर आणून 'हा तुमचाच डावा हात आहे' असे सांगावे, त्यांच्या उजव्या हाताने त्याला स्पर्श करू द्यावा आणि अंथरुणात तो उशीवर, दिसेल असा ठेवावा.

चौथी पायरी: कशाचे लक्षण कशामुळे, हे ओळखणे

सगळी अस्वस्थता भूकंपाच्या खात्यावर टाकणे हीसुद्धा धोक्याची चूक आहे. पक्षाघातानंतर घाबरणे, बडबडणे, रडणे यांची अनेक कारणे असतात आणि त्यांतली काही तातडीची असतात.

माणूस एका दिवसात किंवा काही तासांत एकदम गोंधळला, सकाळी बरा आणि संध्याकाळी भ्रमिष्ट असे वर-खाली होऊ लागले, त्याचे लक्ष एका जागी टिकेना, तर तो बहुधा शारीरिक कारणाने आलेला भ्रम असतो. लघवीतील जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, न्यूमोनिया, रक्तातील सोडियम किंवा साखर कमी-जास्त होणे, नवीन औषध, यांपैकी काहीतरी शोधावे लागते आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे लागते. आठवणीचा झटका याहून वेगळा असतो. तो आवाज, धूळ, अंधार, अडकल्याची जाणीव अशा ठरावीक गोष्टीनंतर येतो, बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरतो आणि जागेची व वेळेची ओळख करून दिल्यावर माणूस भानावर येतो. हात-पाय झटकणे, टक लावून पाहत राहणे, हाकेला प्रतिसाद न देणे असे घडले तर ती फीट असू शकते. बोलणे किंवा ताकद एकाएकी आणखी कमी झाली तर दुसरा झटका समजून पुन्हा १०८ ला फोन करावा.

रडण्याचेही दोन प्रकार आहेत. मेंदूच्या इजेमुळे किरकोळ निमित्ताने एकदम रडू कोसळते आणि तसेच एकदम थांबते. त्यामागे मोठे दुःख असतेच असे नाही. अशा वेळी घाबरून गर्दी न करता विषय हळूच बदलावा. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ जेवणावरची वासना उडाली, कशातच मन लागेना, व्यायामाला कायम नकार येऊ लागला, 'तेव्हाच गेले असते तर बरे झाले असते' असे शब्द येऊ लागले, तर ते नैराश्य आहे. पक्षाघाताच्या साधारण तीनपैकी एका रुग्णाला ते येते आणि त्यावर उपचार आहेत. मरणाविषयीचे बोलणे वयावर घालवू नये. ते थेट विचारावे आणि डॉक्टरांना सांगावे.

हे सगळे वेगळे करता यावे म्हणून साधी वही ठेवावी. वेळ, आधी काय घडले, काय दिसले, कशाने थांबले, एवढे चार रकाने पुरेत. आठवड्याभरात वहीतून जे कळते ते कोणत्याही तज्ज्ञाला पंधरा मिनिटांच्या भेटीत कळणार नाही.

पाचवी पायरी: वाचा गेली असेल तर

वाचा गेलेल्या माणसाशी एका वेळी एकच लहान वाक्य बोलावे, उत्तरासाठी थांबावे आणि वाक्य आपण पूर्ण करण्याची घाई करू नये. हो आणि नाही यांच्या खुणा पहिल्याच आठवड्यात ठरवाव्यात आणि त्या घरातल्या सर्वांना व आशाताईंनाही शिकवाव्यात. पाणी, लघवी, दुखते आहे, भीती वाटते, दार उघडा, दिवा लावा आणि 'थांबा' अशी चित्रे एका पुठ्ठ्यावर काढून तो पुठ्ठा हाताशी ठेवावा. यांतले 'थांबा' सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण ते दाखवल्यावर समोरचा माणूस प्रत्येक वेळी खरोखर थांबतो हा अनुभव रुग्णाला हळूहळू सुरक्षित करतो.

उमरगा, निलंगा या सीमेलगतच्या तालुक्यांत अनेक आजींचे माहेर कर्नाटकातले असते. पक्षाघातानंतर दोन भाषांपैकी कोणती आधी परत येईल हे सांगता येत नाही. पन्नास वर्षे मराठीत संसार केलेल्या बाईला पहिले शब्द कन्नडमधून फुटू शकतात, तेव्हा त्या भाषेत बोलणारे कोणीतरी रोज थोडा वेळ जवळ बसावे. ज्यांना एक वाक्य बोलता येत नाही त्यांनाही पाठ असलेल्या ओव्या, आरती किंवा भजनाची ओळ सुरात म्हणता येते, असे पुष्कळदा दिसते. स्पीच थेरपिस्ट याचा उपयोग उपचारात करतात. तालुक्याला स्पीच थेरपिस्ट नसेल तर जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी आणि घरी करायचे सराव लिहून घ्यावेत.

सहावी पायरी: घरची जागा आणि हादऱ्याची तयारी

घरी आणण्याच्या आधीच खोली तयार हवी. खाट अशी ठेवावी की उशीवरून दार आणि शक्य असल्यास आकाशाचा तुकडा दिसेल. माळ्याखाली, जड कपाटाशेजारी किंवा भांड्यांच्या मांडणीखाली खाट नको आणि कपाटे भिंतीला पक्की बांधून घ्यावीत. उंबऱ्याला उतार, न्हाणीघरात धरायला दांडा, रात्री जाण्याच्या वाटेवर लहान दिवा, हे पडण्याच्या भीतीसाठीही लागतेच. चांगल्या हाताला बॅटरी, पाण्याचे भांडे आणि घंटी कायम मिळाली पाहिजे. घंटी वाजल्यावर काही क्षणांत 'आलो' असा आवाज तरी आला पाहिजे, कारण हाक मारूनही कोणी न येणे ही त्यांची सर्वांत जुनी भीती आहे.

भूकंपानंतर कित्येकांनी पक्क्या घरात झोपायचे सोडून वर्षानुवर्षे पत्र्याच्या शेडमध्ये झोपणे पसंत केले होते. तीच सवय आता परत येऊ शकते. थंडी, पाऊस, डास आणि सापकिरडू यांचा बंदोबस्त होत असेल तर ओसरीवर किंवा पडवीत खाट टाकण्यात काहीही गैर नाही. मुद्दा झोप लागण्याचा आहे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र बहुतेक घरांत कोणी उच्चारतच नाही. निलंगा-औसा भागात जमिनीतून गूढ आवाज आणि सौम्य धक्के अधूनमधून जाणवतात. पळू न शकणाऱ्या माणसाच्या मनात तेव्हा एकच विचार येतो: आता मला कोण काढणार? त्याला 'आता भूकंप होत नाहीत' हे उत्तर खोटे आहे आणि ते त्यांना कळते. खरे उत्तर असे द्यावे. पुनर्वसित गावांतली घरे भूकंपाचा विचार करून बांधलेली आहेत, हे त्यांच्याच घरापुरते, भिंती दाखवून सांगावे. मग अंथरुणाखाली कायम एक मजबूत जाड चादर घालून ठेवावी, जिचे चार कोपरे धरून दोन किंवा चार माणसे त्यांना उचलू शकतील. दिवसा कोण आणि रात्री कोण, शेजारच्या कोणत्या घरातून कोण धावेल, बाहेर कुठे ठेवायचे, हे नावांसह ठरवावे आणि रुग्णासमोर ठरवावे. हादरा चालू असताना लगेच उचलून पळू नये. खाटेवरच डोके उशीने झाकून घ्यावे आणि हादरा थांबल्यावर बाहेर न्यावे, हेही सर्वांना माहीत हवे. उशी डोक्यावर येणार हे त्यांना आधी दाखवून त्यांची तयारी करून घ्यावी, चेहरा मोकळा ठेवावा. त्यांची इच्छा असेल तर एकदा सावकाश सराव करून पाहावा. अशी व्यवस्था ठरल्यावर कित्येक ज्येष्ठ झोपेसाठी मागितलेली गोळी पुन्हा मागत नाहीत, असे माझे निरीक्षण आहे.

सातवी पायरी: रोजची शुश्रूषा

प्रत्येक कामाआधी समोर येऊन, नाव घेऊन, काय करणार ते सांगावे आणि होकाराची वाट पाहावी. लुळ्या बाजूने किंवा पाठीमागून अचानक हात लावू नये. लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नये, खांदा निखळतो आणि तो पुढे महिनोन्‌महिने दुखतो. अंघोळीत डोक्यावरून तांब्या ओतण्यापेक्षा ओल्या पंच्याने भागाभागाने पुसावे, बाकीचे अंग झाकलेले ठेवावे, तोंड त्यांना स्वतः पुसू द्यावे. बाईच्या अंघोळीसाठी आणि कपड्यांसाठी कोण चालेल हे तिनेच ठरवावे. जड वाकळ किंवा गोधडी अंगावर टाकली की लुळी बाजू दाबली गेल्यासारखी वाटते, म्हणून हलके पांघरूण बरे. खोलीत झाडू मारताना धूळ उडू देऊ नये, ओल्या फडक्याने पुसावे.

शय्याव्रण, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, टाळण्यासाठी दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. हवेची गादी मिळाली तर ती आपोआप फुगते, उतरते आणि यंत्राचा हलका कंप सतत जाणवतो, हे आपण विसरतो. भूकंपातून आलेल्या माणसाला अंगाखालची हलणारी गादी कशी वाटेल याचा विचार करून ती आधी हाताने चाचपून पाहू द्यावी, दिवसा थोडा वेळ वापरून पाहावी. सहन होत नसेल तर चांगल्या फोमच्या गादीवर कूस बदलण्याचे वेळापत्रक कसोशीने पाळावे. मोबाईल खाटेवर किंवा स्टीलच्या टेबलावर कंप पावणार नाही असा ठेवावा.

जेवणाबाबत सर्वाधिक सावध राहावे. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने काहीही देऊ नये. तपासणीनंतर परवानगी मिळाली तरी ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान चमच्याने, आधीचा घास गिळला आहे याची खात्री करून पुढचा द्यावा आणि जेवणानंतर अर्धा तास बसवूनच ठेवावे. पातळ पाणी घट्ट अन्नापेक्षा लवकर श्वासनलिकेत जाते, ही गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. डॉक्टर सांगतील त्या घट्टपणाची ज्वारीची आंबील, मऊ वरण-भात, चांगला कुस्करलेला शिरा किंवा केळे चालू शकते. वरणात पोहणारे भाकरीचे तुकडे मात्र टाळावेत, कारण पातळ आणि घट्ट एकाच घासात सांभाळणे कठीण असते. ठसका लागला, आवाज ओलसर घोगरा झाला तर थांबावे. घशात मातीची धूळ जाऊन गुदमरलेल्या माणसाला ठसका म्हणजे निव्वळ ठसका नसतो. घाबरल्यावर श्वास वेगाने होतो आणि पुढचा घास आणखी धोक्याचा होतो, म्हणून पूर्ण शांत झाल्यावरच पुन्हा सुरुवात करावी. जेवणानंतर तोंड स्वच्छ करणे हा न्यूमोनिया टाळण्याचा सोपा उपाय आहे.

व्यायामाचा सर्वाधिक लाभ पहिल्या तीन महिन्यांत होतो, पण सुधारणा त्यानंतरही चालू राहते. मिनिटे कमी आणि वेळा जास्त ठेवाव्यात. आज आधी हात की पाय, खोलीत की अंगणात, हे त्यांना निवडू द्यावे. ज्यांच्याकडून त्या पहाटे सगळी निवड हिरावली गेली, त्यांच्यासाठी ही लहान निवड उपचाराचाच भाग आहे.

आठवी पायरी: पहाट, आणि वर्षातले दोन दिवस

पहाटे तीन ते पाच या वेळेत जाग येणे अनेकांच्या बाबतीत नेमाचे असते. या वेळेत औषध, तपासणी किंवा कूस बदलणे शक्यतो ठेवू नये किंवा त्या आधी संपवावे. ओरडत जागे झाल्यास त्यांना हलवू नये. दिवा लावावा, दोन हात अंतरावर त्यांच्या नजरेसमोर उभे राहावे आणि ठरवून ठेवलेले वाक्य म्हणावे: 'आजी, तुम्ही नव्या गावात आपल्या घरी आहात. आज मंगळवार आहे. दार उघडे आहे.' मग त्यांनी हात पुढे केला तरच तो धरावा.

१९९३ मध्ये लोक अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून रात्री उशिरा झोपले होते आणि त्याच पहाटे भूकंप झाला. त्यामुळे या माणसांना वर्षात दोनदा तो दिवस येतो, एकदा तिथीने आणि एकदा ३० सप्टेंबरला, आणि दोहोंमध्ये काही आठवड्यांचे अंतर पडू शकते. मिरवणुकीतल्या डीजेने भिंती आणि खिडक्या थरथरतात. मंडळाच्या पोरांना आठवडाभर आधी जाऊन भेटावे, घरासमोर आवाज बंद ठेवण्याची विनंती करावी, कारण सांगितल्यावर या भागात ती सहसा मोडली जात नाही. त्या दिवशी दिवा लावायचा, स्मृतिस्थळी जायचे की मुळीच विषय काढायचा नाही, हे रुग्णाला आधीच विचारून ठेवावे आणि त्या आठवड्यात रात्री जागायला एक माणूस जास्त ठेवावा.

नववी पायरी: औषधे आणि मनाचे उपचार

रक्तदाब, साखर आणि गुठळी रोखणारी औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नयेत, दुसऱ्या झटक्याचा खरा बचाव तोच आहे. झोपेच्या गोळ्यांबाबत मात्र प्रश्न विचारावेत. अल्प्राझोलाम, लोराझेपाम या प्रकारच्या गोळ्यांनी ज्येष्ठांमध्ये पडणे, गोंधळ आणि गिळताना ठसका लागणे वाढते आणि आघाताच्या आठवणींवर त्या टिकाऊ उपाय ठरत नाहीत. नैराश्यासाठी दिलेली काही औषधे रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत रक्तस्रावाचा धोका वाढवतात, म्हणून मानसोपचारतज्ज्ञाला सर्व गोळ्यांची यादी दाखवावी.

दुःस्वप्ने, दचकणे, टाळाटाळ हे महिन्याहून अधिक काळ चालू राहिले किंवा त्यामुळे जेवण, झोप, व्यायाम अडू लागला तर मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. जिल्हा रुग्णालयात ही सोय असते आणि टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून त्यावर मराठीत बोलता येते. आघातावर केंद्रित मानसोपचार वयस्करांनाही लागू पडतो, वाचा कमी असेल तर तो सोपा करून घ्यावा लागतो.

दहावी पायरी: काळजी घेणारे, आणि कागदपत्रे

बहुतेक घरांत सारा भार सुनेवर किंवा बायकोवर पडतो आणि ती बायकोही कित्येकदा त्याच भूकंपातून आलेली असते. तिच्याही रात्री जागरणात जातात. कामांची वाटणी कागदावर करावी: अंघोळ कोणाची, रात्र कोणाची, औषधे आणणे कोणाचे, आठवड्यातून एक पूर्ण दुपार तिची स्वतःची. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या मुलांनी रोजच्या फोनखेरीज रजा घेऊन ठरावीक रात्री आपल्या अंगावर घ्याव्यात आणि जिथे ऐपत आहे तिथे मदतनीस बाईचा पगार उचलावा, असे मला स्पष्टपणे वाटते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार प्रत्येकाला मानसिक उपचारांच्या वेळी आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमता येतो. त्यासाठी साधा कागद आणि सही किंवा अंगठा पुरतो. समज शाबूत असतानाच तो करून ठेवावा. कायमचे अपंगत्व राहिल्यास साधारण सहा महिन्यांनंतर जिल्हा रुग्णालयातून तपासणी करून यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचे सरकारी ओळखपत्र) काढता येते. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर योजना आणि छळाच्या तक्रारी दोन्हींबाबत मार्गदर्शन मिळते.

दुसऱ्या पायरीतले एक पान सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि अनंत चतुर्दशीच्या आधी रुग्णासोबत बसून पुन्हा वाचावे. लागू नसलेली वाक्ये त्यांनी खोडावीत, नवी त्यांनी सांगावीत. त्या पानाची एक प्रत औषधांच्या डब्यात, एक आशाताईंकडे आणि एक रुग्णवाहिकेत सोबत जाणाऱ्या पिशवीत ठेवावी.